चंपाबाईंचा कान

गुलाबराव खमरियाच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात फिटर होते आणि फिटरच राहते तर आमचे दोन वर्षांचे रविवार वाचले असते. पण त्यांचा अँग्लो-इंडियन फोरमन निवृत्त झाला आणि जाताना आपलं जुनं इंग्रजी बायबल त्यांच्या हातात ठेवून गेला. आमच्या कांचघर वस्तीत लगेच कुजबुज सुरू झाली, की बौद्ध धर्माच्या दीक्षेला अठरा वर्षं होताहेत तोच हा गडी दुसरा धर्म बघून राहिला.

गुलाबरावांना धर्म बदलायचा नव्हता, त्यांना त्या पुस्तकाच्या भाषेनं झपाटलं होतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी पन्नासेक पंडितांनी ते इंग्रजीत आणलं, आणि आज चर्चची पायरी न चढणारा इंग्रजही नकळत त्यातलीच वाक्यं बोलतो, हे फोरमननं त्यांना सांगितलं होतं. "एक जण मोठ्यानं वाचे, बाकीचे ऐकत," गुलाबराव मला सांगत. "कानाले खटकलं की थांबवायचं. हे तर फिटिंगचंच काम झालं, भैया!"

हे सगळं त्यांना हवं होतं ते आईसाठी. चंपाबाई ऐंशीला टेकल्या होत्या. रोज सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढं पांढरी फुलं ठेवून त्या पाली वंदना म्हणत, बिनचूक, आणि त्यातलं अक्षरही त्यांना कळत नसे. एकदा त्या लेकाला म्हणाल्या, "गुलाब, मी रोज काय म्हणून राहिली, ते मले मरायच्या आधी समजलं पाहिजे." हे गुलाबरावांच्या मनाला फार लागलं.

वंदना मराठीत आणायला विहारात समिती बसली. गुलाबराव, अक्षर बरं असल्याच्या गुन्ह्यासाठी लेखनिक म्हणून मी, आणि अध्यक्ष नीलकंठजी. नीलकंठजी सरकारी कचेरीत हेडक्लार्क. धर्माची भाषा भारदस्तच पाहिजे, हा त्यांचा हेका. दर रविवारची पहिली पंधरा मिनिटं मात्र ते साध्या भाषेत शिव्या देत, कारण त्यांच्या अंगणातल्या तगरीची फुलं कोणीतरी रोज पहाटे खुडून नेई.

दोन वर्षांनी मसुदा झाला. सगळी वाक्यं नीलकंठजींची. गुलाबरावांनी एकच अट घातली, "छापायच्या आधी माय ऐकेल. तिच्या कानाले खटकलं तर बदलायचं." नीलकंठजी मिशीत हसले आणि कबूल झाले.

चंपाबाई बाजेवर बसल्या. नीलकंठजींनी घसा साफ करून वाचलं, "अदत्त वस्तूंच्या ग्रहणापासून विरत राहण्याचे शिक्षापद मी अंगीकारतो."

"अच्छा आहे," चंपाबाई म्हणाल्या. "समजलं काही नाही, पण अच्छा आहे."

नीलकंठजी खूश झाले. गुलाबरावांचा चेहरा उतरला आणि माझं डोकं फिरलं. दोन वर्षं घासलेली लेखणी फेकून द्यावीशी वाटली. तेवढ्यात गुलाबराव आईच्या पायाशी जाऊन बसले. "माय, म्हणजे कोणी देल्याबिगर कोणाची वस्तू मी घेणार नाही."

"असं म्हणते मी? रोज?"

"हो माय, रोज."

चंपाबाईंनी तसबिरीकडे पाहिलं. तिच्यापुढं सकाळची फुलं होती, तगरीची. त्या हात जोडून म्हणाल्या, "नीलकंठ, तुह्या झाडाची फुलं मीच तोडून राहिली, बापा. तेच वाहून हेच म्हणत होती."

मला हसू आवरेना. गुलाबरावांना मान वर करवेना. नीलकंठजींनी माझ्या हातातली लेखणी घेतली, आपलं वाक्य स्वतः खोडलं आणि त्याजागी गुलाबरावांचं जसंच्या तसं लिहिलं. 'देल्याबिगर'सुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंपाबाई काठी टेकत त्यांच्या फाटकाशी उभ्या. "फुलं देतं काय, नीलकंठ?" मग हे रोजचंच झालं. येताजाता कोणाच्याही पोराला पेरूच्या झाडावर पाहिलं की म्हातारी ते वाक्य ऐकवी. गल्लीत विहाराचं तोंडही न पाहणारे लोक एकमेकांना ते चिडवायला म्हणू लागले.

वर्षभरानं चंपाबाई गेल्या. विहारात नीलकंठजी आमची मराठी वंदना वाचायला उभे राहिले. चंपाबाईंच्या त्या वाक्याशी आले, "कोणी..." एवढंच त्यांना म्हणता आलं. मी रडत होतो, मला लाज वाटली नाही. गुलाबराव उठणार, तोच मागून आख्ख्या गल्लीनं वाक्य पुरं केलं. कोणाच्याही हातात कागद नव्हता.