मुठीच्या तळाचा नंबर

गेल्या मंगळवारी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात माझं डोकंच सणकलं. माझे वडील, अण्णा, वारल्यावर त्यांचं जुनं विलायती रिव्हॉल्व्हर आम्ही तिथं जमा केलं होतं. परवाना माझ्या नावावर व्हावा म्हणून एकुलत्या एक लेकीनं, म्हणजे मी, अर्ज केला होता.

जमादारांनी गोळ्यांची चक्री बाहेर काढली, आतला नंबर वाचला, परवान्याशी ताडून पाहिला. "ताई, नंबर जुळत न्हाई. ह्ये हत्यार बदलल्यालं दिसतंय."

बदललेलं? म्हणजे अण्णांनी लबाडी केली? ज्या माणसानं आयुष्यात दुसऱ्याच्या बांधावरची काडी उचलली नाही, त्याच्यावर मेल्यावर हा आळ... परवाना गेला खड्ड्यात, आधी अण्णांचं नाव साफ झालं पाहिजे. मी दोन दिवस मागून घेतले, नंबरचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या नांदूरघाटहून बीड गाठलं.

तिथं बंदुका दुरुस्त करण्यात हयात गेलेले एक चाचा आहेत. त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि हसलेच.

"बेटा, ह्यो जुळणीचा नंबर हाय. कारखान्यात घासून एकमेकांत बसवल्याले भाग पॉलिशला गेले की अदलाबदल होऊ न्हाई, म्हणून आत ठोकत्यात. बाजूचं बारीक अक्षर तपासणाऱ्याचं. परवान्यावरचा असली नंबर मुठीच्या तळाला."

पण तळाला तर नुसता काळपट लाल थर होता. आम्ही सगळे त्याला गंज समजलो होतो... आणि एकदम आठवलं. खंडेनवमीच्या पूजेत अण्णा नळीला कुंकू लावू द्यायचे नाहीत, लोखंड खराब होतं म्हणून. तेलात कालवलेलं कुंकू ते दरवर्षी मुठीच्या तळाला लावायचे!

गुरुवारी तेल-कापूस घेऊन ठाण्यात हजर. "तुमीच पुसा ताई," जमादार म्हणाले. पुसता पुसता एकेक आकडा वर यायला लागला. शेवटचा आकडाही परवान्याशी जुळला तेव्हा मी सगळ्यांसमोर रडले. "अण्णांचंच हाय," म्हणत जमादारांनी स्वतः शेरा लिहिला.

चाचा, तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत...

कापसाचे ते लाल बोळे मी टाकले नाहीत. त्यात अण्णांच्या बोटानं लावलेलं कुंकू आहे. आमच्याकडे शस्त्रांची पूजा पुरुषांनीच करायची पद्धत... पण येत्या खंडेनवमीला कुंकू मी लावणार. नंबर तेवढा मोकळा ठेवून.