इसनाथची विलायती रायफल

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मी पेन्शनवर घरी आलो. हवालदार, सॅपर. सॅपर म्हणजे पूल बांधणारी, रस्ता करणारी आणि जमिनीतले सुरुंग काढणारी पलटण. माझी शाळा दुसरीपर्यंत. बाकी सगळं फौजेनं शिकवलं आणि पक्कं शिकवलं. लिहिण्यात चूक असंल तर वाचणारानं सुधारून घ्यावी. सांगण्यात चूक न्हाई.

परभणीला गाडीतनं उतरलो. तिथनं एसटीनं ताडकळस, ताडकळसहून बैलगाडी. सामान तीन नग. काळी ट्रंक, बिस्तरा, आणि कॅनव्हासमधी गुंडाळलेली एक लांब वस्तू. ती मी गाडीत मांडीवर घेतली होती. गाडीवान सारखा मागं वळून बघायचा.

"हवालदार, बंदूक हाय का?"

"तू बैलाकडं बघ," मी म्हणलं.

ती वस्तू म्हणजे रायफलच होती, पण लाकडाची. बासष्टच्या लढाईनंतर आमच्या गावातले आमी दोघं एकाच दिवशी भरती झालो. मी वस्तीतला, आणि विश्वनाथ वरल्या आळीतला, किशनतात्याचा एकुलता पोरगा. गाव त्याला इसनाथ म्हणायचं. ट्रेनिंग सेंटरला रंगरूट लय आणि रायफली कमी. बाहेरच्या देशातनं माल यायचाय, जहाज निघालंय, भाव वाढलाय म्हणून अडकलंय, अशा खबरा रोज लंगरमधी, म्हणजे फौजेच्या जेवणघरात, यायच्या. तवर आमाला लाकडाच्या रायफलीवर ड्रिल. इसनाथचा ट्रेड सुतारकामाचा. त्यानं सागवानाची स्वतःची रायफल केली. वजन खऱ्यासारखं भरावं म्हणून दस्त्यात, खांद्याला टेकतो त्या मागल्या भागात, शिसं ओतलं. दस्त्यावर आपल्या घरच्या मोरा बैलाचं तोंड कोरलं, एक शिंग वर, एक खाली. उस्तादानं ती हातात तोलून बघितली आणि म्हणाला, "यह तो विलायती लगती है." तवापासनं कंपनीत तिचं नाव विलायती.

पुढं खऱ्या रायफली आल्या. लाकडाची स्टोअरमधी पडून राहिली. एकाहत्तरच्या लढाईत इसनाथ पडला, तवा क्वार्टरमास्टरनं ती माझ्याकडं दिली. म्हणाला, गाववाला हाय, घरी पोचव.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी तात्याच्या दारात गेलो. तात्या ओसरीवर दोर वळत बसला होता.

"तात्या, इसनाथची एक वस्तू हाय माझ्यापाशी."

"ते नाव माझ्या दारात काढू नको. चहा घे अन् जा."

चहा आला. आमच्यासाठी कोनाड्यात वेगळा ठेवलेला कप होता, त्यात आला. फौजेत माझा आणि इसनाथचा चहाचा मग एकच होता. मी कपाला हात लावला न्हाई. राम राम केला आणि निघालो. वस्तू माझ्याकडंच राहिली.

दर ऐतवारी मी ती लिंबाखाली काढायचो आणि जवसाचं तेल लावायचो. फौजेतली सवय, सुटत न्हाई. ओढ्याच्या पलीकडं वरल्या आळीच्या बाया धुणं धुवायच्या. त्यांना लांबनं नळी दिसायची, चिंधी दिसायची, तेल दिसायचं. त्यांनी घरी जाऊन काय सांगितलं असंल ते मी सांगायची गरज न्हाई.

पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. चार गावं सोडून एका वस्तीतली माणसं बोचकी डोक्यावर घेऊन आमच्याकडं आली. त्यांची घरं जळाली होती. आमच्या गावात अजून काही झालं न्हव्हतं. पण वरल्या आळीतनं कामाचं बोलावणं बंद झालं. पिठाच्या गिरणीवर आमच्या बायांचं दळण मागं राहायला लागलं.

त्यात ताडकळसच्या बाजारात आवई उठली. मी स्वतः ऐकली. मिरचीवाल्याच्या पालाखाली दोघं बोलत होते.

"परभणीच्या दुकानातल्या विलायती रायफली संपल्या म्हणं."

"संपतात कशाच्या? दाबून ठेवल्या. भाव चढायलाय."

"पर घेतल्या कुणी?"

"ज्याला लागतात त्यानं. आता बाहेरनं माल येणारच न्हाई म्हणतेत."

मला हसू आलं. हीच आवई मी रंगरूट असताना ऐकली होती, त्याच शब्दांत. पण घरी आलो तर हसायचं काम न्हव्हतं. वस्तीत तीच खबर दुसऱ्या तोंडानं पोचली होती. वरल्या आळीनं सगळ्या विलायती रायफली उचलल्या, एक-दोन दिवसांत वस्तीवर येणार. आमच्यातला जाणता माणूस लिंबाजीबाबा. तो बाजेवर बसून म्हणाला, "लेकरंबाळं घेऊन निघावं. पूर्णा स्टेशन गाठावं."

आणि वरल्या आळीत काय पोचलं होतं? हवालदारानं फौजेतनं विलायती रायफल आणली. त्याच्या लोकांनी अजून मागवल्यात. म्हणूनच तुटवडा पडला, म्हणूनच भाव वाढला. ही खबर तात्याचा पुतण्या दिगांबर पसरवत होता. खरं म्हणजे तो स्वतः परभणीला रायफल घ्यायला गेला होता. दुकानदारानं त्याला सांगितलं, माल न्हाई, आला तर भाव तुला झेपायचा न्हाई. रिकाम्या हातानं आलो असं सांगायची त्याला लाज वाटली. मग म्हणाला, वस्तीवाल्यांनी आधीच नेल्या. हे त्यानंच मला लय वर्षांनी सांगितलं.

म्हणजे दोन्ही आळ्या एकमेकांच्या रायफलीला भ्यालेल्या, आणि अख्ख्या गावात रायफल एकच, ती पण लाकडाची.

मी वस्तीत सांगितलं, "कुणी कुठं जाणार न्हाई. मी उद्या रायफल सगळ्यांपुढं उघडी करणार."

लिंबाजीबाबा उठून उभा राहिला. "डोकं फिरलं का तुझं? त्यांना वाटतंय तुझ्याकडं रायफल हाय. वाटू दे की. त्या भ्यानंच आजवर कुणी आलं न्हाई."

"बाबा, भ्यालेला माणूस चार दिवस घरात बसतो. पाचव्या दिवशी रॉकेल घेऊन येतो. ज्या गावातनं ही माणसं आली, तिथं काय झालं इचारा त्यांना."

"अन् लाकूड हाय म्हणून कळलं तर? मग तर मोकळंच रान."

"मग मी हाय."

माझी मालकीण सुंदरा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "तुमी एकटे किती जणाला पुरताव?"

"जेवढे येतील तेवढ्याला."

"हां. पलटणच हाव तुमी." असं म्हणून तिनं तांब्यात निखारे भरले आणि माझी वर्दी इस्तरी करायला घेतली.

सकाळी मी जुनं धोतर फाडून पट्ट्या केल्या. ओढ्याच्या आमच्या काठानं त्या पांढऱ्या पट्ट्या जमिनीवर लावल्या, वर दगड ठेवले. सॅपरचा कायदा असा. सुरुंगाच्या रानात जेवढी वाट साफ केली, तेवढीला दोन्ही अंगानं पांढरी फीत. फितीच्या आत चालायचं, पाय बाहेर टाकायचा न्हाई. मी वस्तीला सांगितलं, ही फीत. आपलं माणूस हिच्या आत. दगड उचलायचा न्हाई, शिवी द्यायची न्हाई. काय बोलायचं ते मी बोलणार.

दुपारी ते आले. तीस-चाळीस जण. काठ्या, कुऱ्हाडी, एकाच्या हातात रॉकेलचा डबा. म्होरं दिगांबर. मी वर्दीत, छातीला मेडल, रायफल बाजूला धरून सावधानमधी उभा होतो. ओढ्याला गुडघाभर पाणी.

मी आवाज टाकला. "थम. कौन आता है?"

चार पोरं हसली. दिगांबर म्हणाला, "तुझा बाप आलाय."

"बाप असंल तर एकट्यानं म्होरं यावं."

"आधी रायफल खाली ठेव."

"ही लाकडाची हाय. सागवान. हिला बोल्ट न्हाई, नळीला भोक न्हाई. ज्याला खातरी करायची त्यानं यावं आणि हात लावून बघावं."

"नाटक करायलाय," मागनं एक बोलला. "विलायती अशीच दिसती. परभणीत बघितलीय मी."

कुणी म्होरं येईना. मी खरं बोलत होतो आणि एकाला पटत न्हव्हतं. सुरुंगाचं असंच असतं. वरनं सगळी माती सारखी दिसती. कुणीतरी गुडघ्यावर बसून हातानं चाचपावं लागतं. मी रायफल दोन्ही हातांवर आडवी धरली आणि उभा राहिलो. डबेवाला दिगांबरच्या कानाशी लागला. दिगांबरनं कुऱ्हाड ह्या हातातनं त्या हातात घेतली. मागं वस्तीत एक बाळ रडत होतं, तेवढाच आवाज.

तवा गर्दीच्या मागनं कुणी तरी म्हणालं, "सरका."

किशनतात्या होता. धोतर वर खोचून, हातात वळता वळता आणलेला दोर तसाच. दिगांबर म्हणाला, "तात्या, तुमी कशाला?"

"त्याला इचारायचंय. माझ्या पोराची वस्तू हाय म्हणला होता."

तात्या पाण्यात उतरला. मी कायद्यानं पुन्हा आवाज टाकला. "थम. कौन आता है?" ह्याचा जबाब 'दोस्त' असा द्यायचा असतो. तात्याला ते माहीत न्हव्हतं.

तो म्हणाला, "मी इसनाथचा बाप."

"आगे बढ़ो," मी म्हणलं.

तो काठावर आला. मी रायफल दिली. वजनानं त्याचे हात खाली गेले. नळीवरनं हात फिरवत तो दस्त्यापाशी आला आणि थांबला. अंगठा त्या खालच्या शिंगावर गेला.

"मोऱ्याचं शिंग."

"व्हय."

"त्यानं कोरलं?"

"व्हय. रंगरूट असताना."

तात्यानं अजून एक डाव शिंगावर अंगठा फिरवला. मग वळला आणि पांढऱ्या फितीवर मांडी घालून बसला, रायफल मांडीवर आडवी घेऊन. पलीकडं बघून म्हणाला, "लाकूड हाय रे. माझ्या पोराचं हाय."

"तात्या, उठा," दिगांबर म्हणाला.

"न्हाई उठत. जायचं असंल तर मला वलांडून जा."

आमच्याकडं घरच्या थोरल्या माणसाला वलांडून कुणी जात न्हाई. झोपलेल्या लेकराला न्हाई आणि बसलेल्या म्हाताऱ्याला न्हाई. ते तिथंच घोटाळले. डबेवाला पहिला मागं फिरला. मग एकेक. दिगांबर शेवटी गेला, आमच्या कुणाकडं न बघता.

लिंबाजीबाबा मला म्हणाला, "आता आपल्याकडं काय न्हाई हे साऱ्या गावाला कळलं."

"कळू द्या. गार्ड लावा."

आमी गार्ड लावला. काठ्या घेऊन, पाळीपाळीनं. आणि तात्या रोज दुपारी दोर घेऊन यायचा आणि फितीवर बसून वळायचा. जेवाय तेवढा घरी जायचा. मुलूख शांत होईपर्यंत असं चाललं. वस्तीतलं एक घर जळालं न्हाई आणि एक माणूस पूर्णेला गेलं न्हाई.

एक दिवस सुंदरानं माझ्यासाठी चहा पाठवला, फौजेतल्या तामचिनीच्या मगात. तात्या त्या मगाकडं बघत राहिला.

"तो यातनं प्यायचा का?"

"यातनंच. आमच्यात एकच होता."

त्यानं हात पुढं केला. मी मग दिला. अर्धा पिऊन त्यानं परत दिला आणि इचारलं, "कसा गेला?"

सात वर्षं त्यानं हे इचारलं न्हव्हतं. मी सांगितलं. वाळूचा मुलूख, पहाट व्हायच्या आधी. कंपनीला पलीकडं काढायचं होतं आणि मधी सुरुंग. इसनाथ म्होरं पोटावर सरकत एकेक काढत गेला, मी मागनं फीत लावत गेलो. वाट पुरी झाली. शेवटची खुंटी ठोकायला तो फितीच्या बाहेर वळला, आणि तिथं एक राहिला होता.

"तू किती लांब होतास?"

"हा मग जेवढा तुमच्यापासनं हाय, त्याच्या दुप्पट."

तात्या दोर वळायला लागला. वळता वळता म्हणाला, "मग बरं झालं. एकटा न्हव्हता."

विलायती रायफली पुढं आल्या का, भाव उतरला का, मला माहीत न्हाई. इसनाथची तात्याच्या घरी हाय. खंडेनवमीला ती विळ्या-कुऱ्हाडीसंगं पाटावर मांडतात, आणि तिला जवसाचं तेल लावायला मीच जातो. नामांतर झालं त्याच्या आधीच तात्या गेला. त्याला मी पण खांदा दिला.

नाईक विश्वनाथ किशनराव, सॅपर, गाव आमचं. त्यानं साफ केलेल्या वाटेनं आमची अख्खी कंपनी पलीकडं गेली. फितीच्या आत एकाही माणसाला इजा झाली न्हाई.