लांडग्यांच्या पिंजऱ्यापाशी

कॉलेजात असताना दोन महिने मी प्राणिसंग्रहालयात काम शिकत होते. सहलीला आलेल्या मुलांना लांडग्यांची माहिती मी सांगायची. एके दिवशी, आमचा नर लांडगा मरून आठवडा झाला होता आणि पिंजऱ्यात मादी एकटीच होती, तरी सवयीने बोलून गेले, "लांडगे जोडीने राहतात."

"ताई, मग हिचा जोडीदार कुठंय?" एका चिमुरडीने विचारलं.

खरं सांगायचा धीर होईना. "आत झोपलाय," मी म्हणाले.

मुलं पुढे गेली, ती मात्र रेंगाळली. मादी आतल्या खोलीच्या बंद दाराकडे टक लावून बसली होती.

"हिला पण तुम्हीच सांगितलंत का, तो आत झोपलाय म्हणून?"

आजही कुणी असं वाट बघत बसलेलं दिसलं, की वाटतं, ह्यालाही मीच फसवलंय.