काही घडू नये म्हणून

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी विशाखासाठी डब्यात मऊ खिचडी भरत होतो. आदल्या दिवशी तिनंच फर्मावलं होतं, "इथलं पाणचट वरण नको मला. घरची खिचडी आणा, वरून जरा तूप घाला." न्यूमोनिया उतरतोय असं डॉक्टर म्हणत होते. फोनवर तिची भाची ऋतुजा होती. ती एवढंच म्हणाली, "काका, तुम्ही लगेच या." तिच्या आवाजावरून काय ते कळलं होतं. तरी मी डब्याचं झाकण नीट लावलं, डबा पिशवीत ठेवला आणि रिक्षा करून उस्मानपुऱ्यातल्या घरून निघालो. वॉर्डाच्या दारात ऋतुजानं ती पिशवी माझ्या हातातून अलगद काढून घेतली... माझी बायको गेलेली होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी परतले. अजूनही अधूनमधून कुणी भेटायला येतं, हळहळतं, आणि मग जरा थांबून विचारतं, "ताई नेमकं काय काम करायच्या हो?" हा प्रश्न मी उभा जन्म ऐकत आलोय. अणुवीज केंद्रांमध्ये आगीपासून संरक्षणाचे जे नियम असतात, ते खरोखर पाळले जातात की नाही हे तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात ती अभियंता होती. कार्यालय मुंबईला, केंद्रं देशाच्या चार कोपऱ्यांत, आणि मी इथं, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा. लग्नानंतरची बहुतेक वर्षं आम्ही दोन गावांत काढली. मूल झालं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी ती सकाळच्या गाडीनं यायची, मी स्टेशनवर घ्यायला जायचो, आणि चार दिवस घरात दोन माणसांचा आवाज असायचा. मग पुन्हा मी आणि माझी आई.

आई अजिंठ्याकडच्या खेड्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. सुनेचं तिला भारी कौतुक, पण काम काही केल्या उमगत नव्हतं. एकदा शेंगा फोडता फोडता तिनं विचारलं, "तिथं आग लागली की तू इझवती का गं?"

"नाय आई. विझवणारे वेगळे असतात. ती लागू नये, अन् लागलीच तर एका खोलीतून दुसरीत जाऊ नये, ते मी बघते."

"मंग तू गेल्यावर लागली का कवा?"

"नाय."

"मंग बघती काय?" आई म्हणाली, आणि विशाखा इतकी हसली की मांडीवरच्या शेंगा फरशीवर सांडल्या.

मलाही तिनंच समजावलं होतं, याच घरातल्या स्वयंपाकाच्या ओट्याजवळ. गॅस बंद करून कुकरकडे बोट दाखवत म्हणाली, "आता आतली डाळ थांबली का शिजायची? नाय ना? अणुभट्टीचं तसंच असतं. बंद केली तरी आत उष्णता तयार होत राहते, अन् पाणी फिरवून ती सारखी काढत राहावी लागते. पाणी फिरवायला पंप, पंपांना वीज. म्हणून पंपांच्या केबली दोन वेगळ्या वाटांनी नेतात. एक वाट जळाली तरी दुसरी शाबूत पाहिजे. त्या दोन वाटांच्या मधे भिंत असते. माझी नोकरी म्हणजे ती भिंत." लोकांना अणुभट्टी म्हटलं की स्फोट दिसतो, मला केबली दिसतात, असंही ती म्हणायची. तिच्या बरोबरीच्या हुशार मुलांना अणुभट्टीच्या गाभ्याचं काम हवं असायचं. आगीचा विभाग म्हणजे वाळूच्या बादल्या मोजायचं काम, असा तिथं समज होता. ती तिथं योगायोगानं गेली आणि मग हट्टानं राहिली.

तिच्या आयुष्यातली जी एक गोष्ट सांगायला हवी, ती विजेच्या टंचाईच्या काळातली आहे. त्या उन्हाळ्यात आपल्याकडे भारनियमनानं लोक मेटाकुटीला आले होते. किनाऱ्यावरच्या एका केंद्रातलं एक युनिट दुरुस्तीसाठी बंद होतं आणि ते पुन्हा सुरू व्हायच्या बेतात होतं. शेवटच्या तपासणीला विशाखा गेली. दुरुस्तीच्या काळात नव्या केबली टाकायला भिंतींना भोकं पाडली होती. अशी भोकं आग न लागणाऱ्या मसाल्यानं भिंतीच्या पूर्ण जाडीभर बुजवावी लागतात. काम पुरं झालं असं तिला सांगण्यात आलं. तिनं एका ठिकाणी मसाल्यावर बोट दाबलं आणि बोट आत गेलं. वरून लिंपण, आत पोकळ. तिनं आणखी काही भोकं उघडायला लावली. त्यातली बरीचशी तशीच निघाली.

केंद्राचे प्रमुख पाटणकर म्हणून होते. माणूस सज्जन, पण वरून रोज फोन येत होते. ते तिला म्हणाले, "मॅडम, युनिट सुरू होऊ द्या. प्रत्येक खोलीत पहाऱ्याला माणूस उभा करतो आणि एकेक भिंत मागाहून पक्की करून देतो. नियमात तशी सवलत आहे."

"आहे," ती म्हणाली. "पण एका-दोन भोकांसाठी आहे. इथं दोन्ही वाटांच्या मधली भिंतच नाय. माणूस आग बघेल, अडवेल कशी?"

तिनं मंजुरी दिली नाही. तिच्या वरिष्ठांनी मुंबईहून समजावलं, मग रागावले, मग बोलणंच बंद केलं. युनिट कित्येक आठवडे रखडलं. त्याच दिवसांत ती घरी आली. संध्याकाळी वीज गेलेली, सगळी गल्ली खाली इमारतीच्या ओट्यावर. ती वर्तमानपत्रानं आईला वारा घालत बसली होती. समोरचे देशमुख घाम पुसत म्हणाले, "वहिनी, तुमच्या खात्याला सांगा की, बटन दाबा म्हणावं एकदाचं. लेकरं तळमळायलीत." सगळे हसले. तीही हसली. ते बटन कुणी अडवून धरलंय हे त्या ओट्यावर फक्त आम्हा दोघांना माहीत होतं आणि तिला ते बाहेर बोलायची मुभा नव्हती. मी अंधारात तिच्याकडे बघत राहिलो. तिचा हात थांबला नाही, ती आईला वारा घालतच राहिली.

भिंती शेवटी पुऱ्या झाल्या, युनिट सुरू झालं. काही महिन्यांत तिची बदली प्रशिक्षणाच्या विभागात झाली. शिक्षा म्हणून झाली असं कुणी म्हणालं नाही... पण जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलाशी कुणी येईनासं झालं, हे ती एकदा सहज बोलून गेली. निवृत्तीपर्यंत ती नव्या मुलामुलींना शिकवत राहिली. भिंतीवर बोट दाबून बघा, असं त्यांना सांगत राहिली.

निवृत्त होऊन ती घरी आली तोवर आई गेली होती आणि मला एकट्यानं राहायची चांगली सवय झाली होती. एका ताटाचा स्वयंपाक, रेडिओशी गप्पा. ती सवय तिनं मोडली. सकाळचा चहा गच्चीवर घ्यायचा, भाजीला दोघांनी जायचं, बोलण्यात अडकून दूध उतू घालवायचं. म्हातारपणी आमचा संसार सुरू झाला म्हणा ना. एका दुपारी मेथी निवडताना तिनं एकाएकी विचारलं, "अहो, तेव्हा मी सही केली असती, तर काय झालं असतं?"

"बहुतेक काहीच नाही," मी म्हणालो.

"अन् नाय केली, तरी काहीच झालं नाय. मग फरक काय पडला?"

"तो तुलाच माहीत."

"मलाच माहीत नाय, म्हणून तर विचारते," ती म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. ती बरोबर होती हे सिद्ध व्हायला तिथं आग लागायला हवी होती. ती लागली नाही. त्या दुपारी ती किती एकटी आहे हे मला कळलं. मी शेजारीच बसलो होतो, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

मागच्या आठवड्यात पाटणकर आले. आता ऐंशीच्या घरात आहेत, नाशिकला असतात. वर्तमानपत्रात बातमी वाचून जावयाला घेऊन आले होते. तिच्या फोटोला फूल वाहिलं, पाणी प्याले आणि मग म्हणाले, "खोटं बोलत नाही. बाईंनी तेव्हा जरा जास्तच ताणलं, असं मला अजून वाटतं. आम्ही सांभाळलं असतं." मी त्यांचा रिकामा पेला उचलून ठेवला. जावई खाली बघत बसला. मग पाटणकर म्हणाले, "माझी धाकटी मुलगी त्याच युनिटवर लागली. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मी तिला सोडायला गेलो. म्हटलं, केबलींच्या खोलीत काम असलं तर घाबरू नकोस, तिथल्या भिंती पक्क्या आहेत... हे बाईंना कळवावं असं फार वाटायचं. राहून गेलं."

मेथी निवडणाऱ्या तिला हे उत्तर पुरलं असतं की नाही, मला सांगता येणार नाही. विचारायची सोयही राहिली नाही.

त्यांना सोडायला मी जिना उतरून गेलो, तर पहिल्या मजल्याच्या वळणावर कुणाचा तरी जुना कूलर ठेवलेला, पलीकडे रद्दीचे गठ्ठे. पाटणकरांना अंग चोरून उतरावं लागलं. विशाखा असताना या जिन्यावर चपलेचा जोडसुद्धा आडवा राहत नसे. आल्या दिवसापासून ती येता-जाता सायकली, कुंड्या, पोती ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवायची. लोक कुरकुरायचे. ती म्हणायची, "जिना माणसांना उतरायला असतो." ती गेल्यावर तो हळूहळू भरत चालला होता आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मी परत वळलो आणि गठ्ठे उचलायला लागलो. खालच्या मजल्यावरच्या शबाना भाभी दार उघडून बाहेर आल्या. "अरे अंकल, रहने दो ना, उद्या काढतो आम्ही."

"आजच काढू या," मी म्हणालो.

ओढणी खोचून त्यांनी कूलरची एक बाजू धरली, दुसरी मी धरली आणि दोघांनी मिळून तो त्यांच्या गॅलरीत नेला, पाठोपाठ रद्दीचे गठ्ठेही. त्यांनी चहाला थांबा म्हटलं, मी नको म्हणालो. वर आलो आणि आमच्या दारासमोर कठड्याला धरून खाली पाहिलं. जिना पार फाटकापर्यंत मोकळा दिसत होता. वर येणारं कुणी नव्हतं. तरी मी बराच वेळ तिथंच उभा होतो...