क्रेनचा कोरडा दोर

त्या तुटलेल्या दोराची घटना मी अजून विसरलो नाही. विसरायचा प्रयत्न मात्र मनापासून केला.

मुंबईत पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि घरात पेपर वाचत बसण्याऐवजी दुबई गाठली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. अल क्वोज या कारखान्यांच्या भागात एका मराठी शेठचं कॉन्ट्रॅक्टिंगचं यार्ड होतं, त्यांनी मला सिक्युरिटी मॅनेजर केलं. हुद्दा मोठा. अधिकार एवढाच, की गेटवरचा वॉचमन मला सलाम करायचा. तोही हात मोकळा असला तर.

दिवाळीनंतर रुजू झालो. हिवाळा संपत आला असताना एका सकाळी मोठ्या क्रेनचा वायर रोप, म्हणजे माल उचलणारा तारांचा जाडजूड दोर, तुटला. सळयांचा गठ्ठा खाली उभ्या असलेल्या फोर्कलिफ्टवर कोसळला. तिचा ड्रायव्हर चहाला गेला होता, म्हणून वाचला.

शेठ म्हणाले, "इन्स्पेक्टरसाहेब, इन्शुरन्सचा सर्व्हेयर यायच्या आत मला रिपोर्ट पाहिजे. कुणी मुद्दाम केलं असेल तर सरळ पोलिसांत देणार. मग जेल, मग डिपोर्ट. खलास."

मला हुरूप आला. ताबडतोब पंचनामा केला. पंच म्हणून एक पठाण ड्रायव्हर आणि मेसचा मल्याळी कुक उभे केले, त्यांना शुद्ध मराठीतला मजकूर वाचून दाखवला आणि सह्या घेतल्या. दोघांनी गंभीरपणे माना डोलावल्या. 'दोर धारदार हत्याराने कापल्यासारखा दिसतो' असं मी त्यात ठोकून दिलं होतं.

खबर आपल्या पायांनी चालत आली. स्टोअरकीपर कुजबुजला, "साब, क्रेन ऑपरेटर को मैंने कल शाम ऊपर देखा था. हाथ में कटर था."

ऑपरेटर रत्नागिरीकडचा, तिशीचा, कमी बोलणारा. सुट्टीवरून फोरमनशी त्याची जुंपली होती, हे सगळ्या यार्डाला ठाऊक होतं. बायकोला आणायचं म्हणून शारजात अल नहदाला त्याने जागाही बघून ठेवली होती. सुट्टी नाकारली म्हणून रागाने दोर कापला, असं मी मनातल्या मनात आरोपपत्र लिहून मोकळा झालो.

कोठडी नव्हती, पत्र्याची पोर्टा केबिन होती. तिचा एसी माझ्याच खुर्चीवर गळायचा. आरोपी कोरडा आणि तपास अधिकारी भिजलेला, अशी ती एकमेव चौकशी असावी.

"कटर घेऊन वर काय करत होतास?"

"हार काढत होतो, साहेब."

"क्रेनवर हार?"

"दसऱ्याचा. प्लास्टिकचा. बाइंडिंग वायरने बांधला होता. उन्हाने पांढरा पडला, तेव्हा माई म्हणाल्या, काढ आता तो."

माई म्हणजे शेठची आई. दसऱ्याच्या आधी मुलाकडे राहायला आल्या होत्या.

"दसऱ्याचा हार आता काढतात?"

"तुम्ही चौकशी करा ना, साहेब," एवढंच म्हणून तो गप्प झाला.

माणूस गप्प झाला की कुठेतरी पाणी मुरतंय, हा माझा नोकरीतला अनुभव. मी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा दोरापाशी गेलो. शेजारच्या छोट्या क्रेनला पहिल्याच दिवशी टेकलो होतो, तर ग्रीसने शर्ट असा बरबटला की बायकोने त्याचं फडकं केलं. इथे मात्र पंचनाम्याच्या वेळी मी हा दोर चांगला तासभर चिवडला होता आणि त्याच हातांनी, न धुता, सामोसे खाल्ले होते. हाताला काही लागलंच नव्हतं. दोर चांदीसारखा लखलखीत होता.

केबिनमध्ये परत येऊन विचारलं, "दोराला ग्रीस का नव्हतं?"

"संपलं होतं."

स्टोअरमध्ये जाऊन पाहिलं. भरलेला डबा. खोटं सापडलं की पोलीस सुखावतो. मी मिशीवर हात फिरवत म्हणालो, "आता बोल."

"लिहा, साहेब, तुम्हाला काय लिहायचं ते."

तेवढ्यात दार ढकलून माई आत आल्या. हातात डबा. "हा सकाळपासून उपाशी आहे म्हणे. आधी जेवू दे, मग काय फाशी द्यायची ती द्या." मग टेबलावरचा दोराचा तुकडा त्यांना दिसला. "अगंबाई, एवढा घासलेला दोर तुटला?"

"कोणी घासला, माई?"

"मीच घासून घेतला. खंडेनवमीला यंत्र असं काळंकुट्ट पूजायचं का? रॉकेलने धुवायला लावला, ब्रशने घासायला लावला. हा म्हणत होता, लगेच ग्रीस लावतो. मी म्हटलं, मी आहे तोवर घाण करायची नाही."

ऑपरेटर खाली बघत होता. माझ्या कारकिर्दीतली ही पहिली कबुली, जी मागायच्या आत मिळाली.

दुसऱ्या दिवशी सर्व्हेयर आला. त्याने दोर वाकवून, स्क्रूड्रायव्हर घालून पीळ उकलला. बाहेर चकाकी, आत तांबडा गंज पिठासारखा. "कापला असता तर तारा एका रेषेत तुटल्या असत्या," तो म्हणाला. "इथे बघा, प्रत्येक तार वेगळ्या लांबीला, झिजून तुटलीय. दोर पुलीवरून वळताना आतल्या तारा एकमेकींवर घासतात. रॉकेल आत मुरलं, तेल धुऊन गेलं, वर पहाटेचं दव. धुतला तर त्याच दिवशी तेल द्यायला पाहिजे. आणि नवीन दोराला टोकं आवळणारे हे जुने क्लॅम्प नकोत, जाडीला जुळणारे नवीन घ्या." मग माझा पंचनामा पाहून त्याने विचारलं, "हे कोणत्या एक्सपर्टने लिहिलं?" मी फाईल बंद केली.

संध्याकाळी शेठनी बाजूला घेतलं. "साहेब, रिपोर्टमध्ये माईचं नाव नको. मेंटेनन्सची चूक म्हणून लिहा ना."

मेंटेनन्स म्हणजे ऑपरेटर. जेल टळली असती, नोकरी गेली असती. मी उत्तर शोधत होतो तोच मागून माईंचा आवाज आला, "माझं नाव लिहा हो. मला काय, कोण व्हिसा कॅन्सल करणार? पुढच्या महिन्यात मी आपली जातेच आहे. त्या क्रेनवाल्या पोराची बायको यायची आहे, त्याची नोकरी राहू दे."

शेठनी खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. मी नाव लिहिलं आणि खाली 'ऑपरेटरने ग्रीसची सूचना केली होती' हेही लिहिलं. त्याची नोकरी राहिली.

नंतर एकदा चहा पिताना मी त्याला म्हणालो, "अरे, तुरुंगात गेला असतास. एक वाक्य बोलायचं होतं."

"साहेब, मला इथे घरचं जेवण त्यांनी घातलं," तो म्हणाला. "तुमच्या वहीत लिहायला त्यांचं नाव मी कसं देऊ?"

खाकीतली सगळी वर्षं मी एकच धडा गिरवला होता, की गप्प बसलेला माणूस स्वतःला वाचवत असतो. त्या हिशेबाने टेबलापलीकडच्या किती जणांना मी दोषी धरलं असेल. त्यांच्यातला कोण कुणासाठी गप्प होता, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नव्हतं.