पूर्ण आराम

"सांगा बरं, मी काय सांगितलं?" गोळ्यांची बाटली हातात घट्ट धरून आमचे डॉक्टर विचारायचे. समोरच्याने सगळं आपल्या तोंडाने परत सांगितल्याशिवाय बाटली काही सुटत नसे.

एका म्हातारीने सरळ सांगून टाकलं, "तुमी म्हनलं, बुढी लय बोलते."

"ते खरंच हाये," डॉक्टरही तिच्याच बोलीत म्हणाले. "पन गोळी कवा घेशील?"

सुरुवातीला ते असे नव्हते, बरं का. पुण्याहून आमच्या नागपूरकडच्या दवाखान्यात नवे आले तेव्हा विषमज्वर काय, दाह काय, मधेच इंग्रजी काय! लोक नुसती मान डोलवायचे. मी तिथली नर्स, जवळच्याच नालवाडीची. एरवी मोठी फटकळ, पण डॉक्टरांपुढे गप्प.

रोहण्याचा एक तरुण शेतकरी बायकोला घेऊन आला होता. मुदतीचा ताप. तीन आठवड्यांनी तो उतरला, तेव्हा डॉक्टर खुशीत म्हणाले, "आता पूर्ण आराम!" नवऱ्याने त्यांचे पायच धरले. दवाखानाभर गूळ वाटला. मीही खाल्ला.

आता आमच्याकडे आराम पडला म्हणजे दुखणं गेलं, माणूस बरा झाला. डॉक्टर सांगत होते, हिला अंथरुणावरून उठू देऊ नकोस. त्याने ऐकलं, ही पूर्ण बरी झाली. घरी जाऊन तिने पोटभर भाकर-ठेचा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला गेली. चार दिवसांत बैलगाडीतून परत आणली. तापाने नाजूक झालेलं आतडं फुटलं होतं. संध्याकाळच्या आत गेली बिचारी.

"तुमीच तं म्हनलं ना साहेब, पूर्ण आराम हाये म्हनून. मंग काऊन गेली?" तो भांडत नव्हता हो, खरंच विचारत होता.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला तर दोन्ही अर्थ ठाऊक होते! गूळ खाताना माझ्या ध्यानात यायला नको होतं?

त्यानंतर त्यांचा तो प्रश्न सुरू झाला. रोज माझ्याकडून आमच्या बोलीतला एक शब्द शिकायचे. त्यांचं पुणेरी नाकातलं 'मले-तुले' ऐकून बाया पदर तोंडाला लावायच्या. "हसा, पन समजलं का ते सांगा," ते म्हणायचे.

पुढे पाच-सहा वर्षांनी तेच आजारी पडले. नागपूरचे मोठे डॉक्टर आले, ओसरीवर बाईंशी, म्हणजे त्यांच्या पत्नीशी, अर्धा तास इंग्रजी शब्दांत बोलले. बाईंनी मान डोलवली. मी बाजूलाच उभी होते.

ते गेल्यावर साहेबांनी मला आत बोलावलं. "तू ऐकलंस. सांग बरं, काय म्हणाले?"

मी खाली बघून म्हटलं, "आराम नाई पडनार, साहेब."

"आराम नाई पडनार," ते हळूच म्हणाले. आता उच्चारात एकही चूक नाही. "आता बाईंनाही असंच सांग. साध्या शब्दांत."

बाई स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी पेज ढवळत होत्या. मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान डोलवली, आणि पुन्हा पेज ढवळू लागल्या.

आता मी विचारायला हवं होतं, "सांगा बरं, मी काय सांगितलं?"

माझी जीभ रेटली नाही.