धुक्यातली रेघ

पनवेलच्या आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई कधी आवाज चढवत नसत. मुलाने उत्तर दिलं की चष्मा पुसत एवढंच विचारत, "पाहिलंस, की पाठ केलंस?" स्टाफरूममध्ये आम्हालाही तेच, त्यामुळे त्यांच्यापुढे थापा मारायची सोय नव्हती.

एकदा नववीला घेऊन आम्ही मुंबईला, अणूहून लहान कणांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत गेलो. तिथे मुलांनी स्वतः काचेच्या पेटीत स्पिरिट आणि कोरड्या बर्फाने धुकं तयार केलं. आकाशातून आलेला कण त्यातून गेला की बारीक पांढरी रेघ उमटते, असं तिथल्या मॅडमनी सांगितलं. दर्शनाला लागावी तशी रांग लागली. जो तो वाकायचा, "दिसली!" म्हणायचा आणि पुढे सरकायचा.

बाई वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. "मला नाही दिसली," असं सरळ सांगून त्या रांगेच्या शेवटी गेल्या.

एक मुलगी मागोमाग गेली. "बाई, मला पण नाय दिसली." मग अर्धा वर्ग परत फिरला.

बसवाला हॉर्न देत होता. हेडसर म्हणाले, "बाई, चला आता."

"तुम्ही व्हा पुढे, सर. तुम्हाला दिसली आहे ना."

हेडसर जरा घुटमळले आणि गुपचूप रांगेत माझ्या मागे येऊन उभे राहिले.